आमच्या गल्लीतला विजेचा खांब चित्रात का नाही?

प्रश्न : गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चित्रकार बसले होते. मी दळण टाकून परत येत होते, ती चित्र पुरं होईपर्यंत तिथंच उभी राहिले. पहिला अर्धा तास त्यांनी रंगाला हातच लावला नाही. मग कागद नुसता पाण्यानं भिजवला आणि पुन्हा थांबले. पांढरा रंग त्यांच्या पेटीत नव्हताच, तरी भिंतीवरचं ऊन चित्रात लख्ख दिसत होतं. मागचा डोंगर मला तरी करडा-तपकिरी दिसत होता, त्यांनी निळा केला. सगळ्यात नवल म्हणजे समोरचा विजेचा खांब, त्याच्या तारा, शेजारच्या पडवीवरची निळी ताडपत्री, यातलं काहीच चित्रात आलं नाही. डावीकडची चिंच मात्र उजवीकडं गेली. चित्र सुंदर होतं. पण ते आमच्या गल्लीचं होतं का? चित्रकारानं असं करायचं असतं का?
— एक वाचक, वाई तालुका

उत्तर : चित्र सुरू होण्याच्या आधीपासून संपेपर्यंत कुणी मागं उभं राहिलं, असं फार क्वचित घडतं. लोक येतात, अर्धवट ओला कागद बघतात, ‘अजून काही दिसत नाही’ म्हणून पुढं जातात. तुम्ही थांबलात म्हणून तुम्हाला हे प्रश्न पडले. प्रश्न चार आहेत, पण खरा प्रश्न शेवटचा आहे आणि त्याच्याकडं जायला आधीचे तीन पार करावे लागतात.

पहिल्या अर्ध्या तासात त्या चित्रकारानं तुम्हाला वाटलं तसं काहीच केलं नाही, असं नाही. चित्राचं निम्मं काम तेव्हाच झालं. तुम्ही आठवून पाहा, ते बहुधा दोनचार पावलं इकडंतिकडं सरकले असतील, डोळे बारीक करून समोर बघत असतील, छोट्या वहीत पेन्सिलीनं काडेपेटीएवढे चौकोन आखून त्यात काळं-करडं काहीतरी गिरवत असतील. डोळे बारीक केले की खिडक्या, कौलं, पानं असा तपशील दिसेनासा होतो आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. हे तुकडे कागदावर कसे बसतात, यावर चित्र उभं राहतं किंवा पडतं. काडेपेटीएवढ्या चौकोनात जे चित्र तीन छटांत उभं राहत नाही, ते मोठ्या कागदावर कितीही रंग ओतले तरी उभं राहत नाही. हे मी बरेच कागद वाया घालवल्यावर शिकलो.

त्या अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे वेळ. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका. सकाळी आठ वाजता गल्लीत आडवी पसरलेली घराची सावली दहा वाजेपर्यंत भिंतीच्या पायाशी गोळा झालेली असते. चित्राला दीड-दोन तास लागतात. मग नेमकी कोणती सावली रंगवायची? जो समोर दिसेल तसा रंग लावत जाईल, त्याच्या चित्रात डावीकडचं घर आठचं आणि उजवीकडचं साडेनऊचं होतं. बघणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे कळतं. म्हणून अनुभवी माणूस बसल्याबसल्या पहिल्यांदा सावलीची कड पेन्सिलीनं पक्की करतो आणि पुढचे दोन तास समोरच्या सावलीकडं बघायचं नाही, असं स्वतःला बजावतो. निसर्गचित्र जागेचं असतं असं आपण म्हणतो. ते तितकंच त्या घटकेचंही असतं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थाच्या परिसरात राहून त्या तळ्याची चित्रं पुन्हा पुन्हा करत राहिले. जागा तीच, पण पहाटेचं तळं आणि संध्याकाळचं तळं हे त्यांच्यासाठी दोन वेगळे विषय होते.

आता पाण्याकडं येऊ. जलरंगात चित्रकाराचा निम्मा जीव कागद किती ओला आहे याकडं असतो. पूर्ण ओल्या कागदावर रंग टेकवला की तो पसरतो आणि त्याला कड राहत नाही, आकाश असंच होतं. कागदावरची चमक जाऊन तो नुसता दमट उरला की डोंगर टेकवायचा. त्याची कड मऊ येते आणि तो आपोआप लांब जातो. कागद पूर्ण वाळला की घरं, कारण घराला धारदार कड हवी. मधल्या अवस्थेत, अर्धवट वाळलेल्या रंगावर चुकून जास्त पाण्याचा कुंचला लागला, तर पाणी रंगाला ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. तो पुसता येत नाही. तुमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कागद दोनतीन मिनिटांत वाळतो. कोकणात भर पावसाळ्यात हाच कागद अर्धा तास वाळत नाही, तिथं चित्रकार छत्रीखाली बसून वाट बघत राहतो. ते गृहस्थ मधूनमधून बोटांची मागची बाजू कागदाला लावत असतील. कागद गार लागला, तर अजून ओल आहे. कोरडा दिसणारा कागदही हाताला गार लागतो आणि डोळ्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवलेला बरा. शिवाय रंग वाळला की फिका होतो, हे धरून तो लावताना मनाला पटेल त्याहून थोडा गडदच लावावा लागतो.

पांढऱ्याचं उत्तर यातच आहे. जलरंग पारदर्शक असतात. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे तुम्हाला भिंतीवर लख्ख दिसलेलं ऊन हा न रंगवलेला कागद होता. तो राखून ठेवावा लागतो. तैलरंगात शेवटी पांढरा ठिपका ठेवून चमक आणता येते. इथं ती पहिल्या मिनिटाला ठरवावी लागते आणि तिच्या बाजूनं रंग फिरवत न्यावा लागतो. पेटीतला चायनीज व्हाइट वापरणारे चांगले चित्रकार आहेत, पण कागदाचा पांढरा आणि ट्यूबमधला पांढरा शेजारी ठेवून बघा. ट्यूबमधला खडूसारखा मिटलेला दिसतो. प्रल्हाद अनंत धोंड, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे एकेकाळचे अधिष्ठाता आणि ‘रापण’ या पुस्तकाचे लेखक, यांची कोकण किनाऱ्याची जलरंगचित्रं कुठं बघायला मिळाली तर जरूर बघा. ओली वाळू, धुकट पाणी, लांब एखादी होडी, आणि बाकी कागद. कमी करण्यात किती ताकद असते, हे मला त्या चित्रांनी दाखवलं.

डोंगर निळा केला, ते मात्र डोळ्याला धरूनच होतं. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये काही मैल हवा असते. ती सूर्यप्रकाशातला निळा भाग लाल भागापेक्षा जास्त विखुरते, म्हणून ती हवाच निळसर पडद्यासारखी डोंगराच्या पुढं येते. डोंगर तपकिरी आहे हे आपल्याला माहीत असतं आणि ते माहीत असल्यामुळं आपण तो तपकिरी बघतो. एका डोळ्यावर मूठ धरा, मुठीच्या बारीक भोकातून फक्त डोंगराचा एवढासा तुकडा बघा आणि मग तसंच पायापाशीची माती बघा. फरक लगेच कळेल. पहिला पाऊस पडून धूळ बसली की डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो, ते याच कारणानं.

आता चिंच.

तुमच्या गल्लीचा नकाशा मला ठाऊक नाही, पण झाड का सरकलं असेल याचा अंदाज करता येतो. कागदाच्या डाव्या कडेला उंच गडद झाड आणि उजवीकडं मोकळा रस्ता असला, की नजर रस्त्यावरून धावत थेट कागदाबाहेर जाते. उजवीकडं एक उभा गडद आकार आला की ती तिथं अडते आणि वळून चित्रात परत येते. हे करायला चित्रकाराला मोकळीक आहे, असं मी ठामपणे म्हणतो. इंग्लंडमधल्या जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ हे खेड्याचं बहुधा जगातलं सर्वांत ओळखीचं चित्र. स्टूअर नदीच्या उथळ पाण्यात उभी असलेली घोड्यांची गाडी, डावीकडं एका शेतकऱ्याचं घर, मागं कुरण. ते कॉन्स्टेबलनं नदीकाठी बसून काढलेलं नाही. लहानपणापासून ठाऊक असलेल्या त्या जागेची छोटी तैलचित्रं त्यानं वेगवेगळ्या वेळी तिथं जाऊन केली होती. त्यांच्या आधारे लंडनमधल्या घरी त्यानं आधी मूळ आकाराचं, म्हणजे जवळजवळ सहा फुटी, कच्चं चित्र केलं आणि मग १८२१ साली रॉयल अकादमीत मांडलेलं पक्कं. गाडीचा तपशील कमी पडला, तेव्हा तिचं रेखाटन गावाहून मागवून घेतलं. कच्च्या चित्रात पुढच्या काठावर घोड्यावरचा स्वार आहे, पक्क्या चित्रात तो नाही. ढग बरोबर यावेत म्हणून त्यानं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर नुसत्या आकाशाची कितीतरी चित्रं केली आणि त्यांच्या मागं तारीख, वेळ, वारा कुठल्या दिशेचा, हे लिहून ठेवलं.

म्हणजे माणूस काढून टाकायला त्याची हरकत नव्हती, पण ढगाच्या बाबतीत तो वाऱ्याची दिशा लिहून ठेवत होता. मला यात सगळं उत्तर दिसतं. झाड, माणूस, बैलगाडी इकडंतिकडं होऊ शकते. उजेड कुठून येतो, छपराचा उतार किती, जमीन कुठं चढते, सावली कशावर पडून कशी मोडते, यात खोटेपणा चालत नाही. चिंच उजवीकडं नेली असेल, तर तिची सावलीही उजवीकडं न्यावी लागते आणि ती तिथल्या भिंतीवर कशी चढेल हे समोर दिसत नसताना ठरवावं लागतं. त्या चित्रकारानं ते नीट केलं असेल, तर चिंचेबद्दल तक्रार नको.

खांबाचं आणि ताडपत्रीचं तसं नाही. इथं मी त्या चित्रकाराच्या बाजूनं बोलू शकत नाही.

खांब चित्राच्या बरोबर मध्यात येऊन कागदाचे दोन तुकडे करत असेल, तर तो बाजूला न्यावा. चिंचेला जो न्याय, तोच खांबाला. पण बहुतेक वेळा खांब त्यासाठी जात नाही. तो जातो, कारण खेड्याच्या चित्रात खांब ‘शोभत’ नाही असं चित्रकाराच्या आणि विकत घेणाऱ्याच्या मनात ठरून गेलेलं असतं. आपण सगळे शाळेत देखावा काढत आलो. दोन डोंगर, मधून सूर्य, वळणाची नदी, एक कौलारू घर, नारळाचं झाड. पुढं हात तयार होतो, कागद महाग होतो, रंग परदेशी येतात, पण मनातला तो देखावा तसाच राहतो. वाईजवळ मेणवलीचा घाट आहे, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, कृष्णाकाठचा. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटात तो अनेकांनी पाहिला असेल. रविवारी चित्रकारांचे जथेच्या जथे तिथं बसतात, कारण काळ्या दगडाच्या पायऱ्या, देवळं आणि पाणी यांत वगळावं असं फारसं काही नाही. घाट खरंच देखणा आहे. पण तुमच्या गल्लीत कुणी चित्रकार येऊन बसला, याचं मला जास्त अप्रूप वाटतं, आणि म्हणूनच त्यानं खांब वगळला याचं जास्त वाईट वाटतं.

मी स्वतः हे केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी डोंगराच्या अंगाच्या एका लहान वस्तीचं चित्र केलं. आठदहा घरं, अर्धी कौलांची, अर्धी पत्र्याची, आणि पुढच्या अंगणाला लागून सिमेंटचा खांब. जागेवर केलेल्या चित्रात खांब होता. एका घेणाऱ्यानं ते पाहिलं, आवडलं म्हणाले, फक्त मोठ्या आकारात करताना ‘तेवढा खांब काढून द्या, आणि पत्र्यांच्या जागी कौलं करा’. मी तसं करून दिलं. पैसे मिळाले. पुढच्या हिवाळ्यात त्याच वस्तीवर गेलो, तेव्हा त्या मोठ्या चित्राचा फोटो मोबाइलवर होता. ज्यांचं ते अंगण, त्या आजींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, नातवानं बोटांनी मोठा करून दिला, आणि म्हणाल्या, “घर आमचंच हाय. पर आमचा खांब कुठं गेला?”

मी काही बोललो नाही. मग त्यांनीच सांगितलं. खाली गावात वीज आल्यावरसुद्धा या वरच्या वस्तीला कित्येक वर्षं खांब मिळाला नव्हता. अर्जांवर अर्ज झाले. शेवटी खांब आले तेव्हा चढावर गाडी येईना, म्हणून वस्तीतल्या गड्यांनी दोर लावून ते वर ओढून आणले, आणि दिवा लागला त्या रात्री सगळी वस्ती या अंगणात बसली होती. पत्र्याचंही तेच. दर उन्हाळ्यात कौलं चाळायला माणूस मिळेना, माकडं कौलं फोडायची, पावसात घरभर भांडी मांडून ठेवावी लागायची. पोरानं मुंबईहून पैसे पाठवले आणि पत्रा घातला. मी चित्रातून जे काढलं होतं, ते त्या घरानं सगळ्यात कष्टानं मिळवलेलं होतं.

त्या दिवसापासून मी पत्रा रंगवायला शिकलो, आणि आधी वाटलं होतं त्यापेक्षा तो फार सुंदर विषय निघाला. उन्हातला नवा पत्रा म्हणजे जवळजवळ कोरा कागद. वरच्या कडेला आकाशाचा फिका कोबाल्ट निळा ओढून घ्यायचा आणि खाली येताना कागद तसाच सोडायचा. पत्र्याच्या नाळी सगळ्या काढायच्या नाहीत, सुक्या कुंचल्याचे चारपाच फटकारे पुरतात. गंज चढलेल्या पत्र्याला बर्न्ट सिएना, आणि तो ओला असतानाच त्यात थोडा अल्ट्रामरीन सोडला की दोघं मिळून करडे होतात, निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पृष्ठभाग खरबरीत दिसतो. खांब अगदी शेवटी, लांब केसांच्या बारीक कुंचल्यानं एका दमात ओढायचा. तारा सलग ओढायच्या नाहीत. आकाशाच्या उजेडात त्या मध्येच हरवतात, मध्येच दिसतात, तशाच तुटक ठेवायच्या. तारांचा झोळ बरोबर आला, तर दोन घरांमधलं अंतर तो एकटा सांगतो. इतकं काम दुसरी कुठलीही रेघ करत नाही.

आणि ताडपत्री! एप्रिलमधल्या तुमच्या गल्लीत काय काय रंग असतील? माती, वाळलेलं गवत, शेणानं सारवलेलं अंगण, जुना चुना. सगळं पिवळ्या-तपकिरीकडं झुकलेलं. त्यात एक निळी ताडपत्री. कॉन्स्टेबलच्या हिरव्या-तपकिरी चित्रात घोड्यांच्या सामानावर लाल रंगाचे छोटे तुकडे आहेत आणि त्या लालामुळं भोवतीचा सगळा हिरवा जिवंत होतो. लालाला हिरवा जसा विरुद्ध, तसा निळ्याला मातीचा नारिंगी-तपकिरी. म्हणजे शोधूनही मिळाला नसता असा रंग शेजाऱ्यांनी पडवीवर आयताच पसरून ठेवला होता. तो चित्रकार त्याला मुकला. याच कॉन्स्टेबलनं १८२१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कुजक्या फळ्या, बुळबुळीत झालेले खांब, विटांचं जुनं बांधकाम या गोष्टी आपल्याला प्रिय असल्याचं सांगितलं होतं. त्याच्या काळात सुंदर निसर्गचित्र म्हणजे इटलीतले अवशेष आणि सोनेरी संध्याकाळ असं मानणारे पुष्कळ होते. त्यानं वडिलांच्या गिरणीजवळचा ओढ्यासारखा नदीचा तुकडा रंगवला. आज आपल्याला ते चित्र जुन्या खेड्याचं गोड स्वप्न वाटतं. त्याच्यासाठी तो आजूबाजूला चालू असलेला कामाचा दिवस होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : ते चित्र तुमच्या गल्लीतल्या उजेडाचं होतं, तुमच्या गल्लीचं अर्धंच होतं.

आणखी एक प्रश्न : समोर बसून काढण्याऐवजी मोबाइलवर फोटो घेऊन घरी निवांत चित्र काढलं तर काय बिघडलं?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : काही बिघडत नाही, पण आधी त्या जागी एक तास बसा. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात. प्रत्यक्षात सावलीच्या आत आकाशाचा निळा आणि अंगणातून उसळलेला तांबूस उजेड असतो, तो डोळ्यालाच दिसतो. शिवाय फोटो सगळंच सारख्या आस्थेनं टिपतो, त्यामुळं काय ठेवायचं हा प्रश्न तुमच्यापुढं येतच नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेला जे स्मरणचित्र करता, त्याचा सराव इथं कामी येतो. जागेवर छोटं रेखाटन करा, त्यावर शब्दांत लिहा, ‘भिंत आकाशापेक्षा उजळ’, ‘सावली जांभळट’, वेळ आणि तारीख टाका, आणि घरी आधी रेखाटनाकडं, मग फोटोकडं बघा.

आणि वाईच्या भगिनींना एक विनंती. तुम्ही दोन तास उभ्या राहून जे पाहिलंत, तेवढं पाहणं चित्र सुरू करायला पुरेसं आहे. मुलांच्या दप्तरातली रंगपेटी घ्या, जाड कागद घ्या, सकाळी आठला त्याच गल्लीच्या तोंडाशी बसा. चिंच जमली नाही तर राहू द्या. खांब मात्र चित्रात आणा, आणि चित्र पुरं झालं की ताडपत्रीवाल्या शेजाऱ्यांना आधी दाखवा.